एकच गोष्ट चार पेपरांत आली तर अभ्यास वाया जातो का? बी.ए.ला विषय निवडताना

कागलच्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे. बारावी आर्ट्स झाली, बी.ए.ला इतिहास मेजर (मुख्य विषय) घ्यायचं पक्कं आहे, पण मायनरला (जोडीच्या दुय्यम विषयाला) राज्यशास्त्र घ्यावं की अर्थशास्त्र, हे ठरत नाही. भावाचं म्हणणं असं की इतिहास, राज्यशास्त्र, समाजशास्त्र सगळं एकच. प्रत्येक पेपरात शाहू महाराज आणि फुले-आंबेडकर येणारच, मग तीन वर्षं तेच तेच घोकण्यापेक्षा काहीतरी पार वेगळं घे. मैत्रिणींचं नेमकं उलट: तेच तेच येतं म्हणूनच घे, अभ्यास निम्मा होतो. शिवाय ओपन इलेक्टिव्हला दुसऱ्या विद्याशाखेचा विषय घ्यायची सक्ती कशाला, आणि पुढे एमपीएससीला यातलं काय उपयोगी पडेल, असंही तिने विचारलं आहे.

मी या भागातल्या कॉलेजांत वर्षानुवर्षं अर्थशास्त्र शिकवत आले. इतिहास, भूगोल, मराठी अशा मेजरची मुलं माझ्या तासाला बसतात, त्यांच्या उत्तरपत्रिका मी तपासते, आणि अभ्यासक्रम ठरवणाऱ्या अभ्यास मंडळावर असताना विषयांच्या जोड्यांवर बरीच चर्चा केली आहे. त्यावरून आधी थेट उत्तर देते: मायनरला अर्थशास्त्र घे. भाऊ म्हणतो ते विषयांच्या घटकांची यादी बघितली तर खरं वाटतं. मैत्रिणी म्हणतात ते एखाद्या सेमिस्टरपुरतं खरंही ठरेल. पण निवड करताना दोन विषयांतला मजकूर किती सारखा आहे, यावर थांबू नकोस. 'हे खरं कशावरून?' असं विचारल्यावर ते दोन विषय वेगवेगळ्या वाटेने उत्तर शोधतात का, ते बघ. मजकूर सारखा आणि पुरावा तपासायची रीत वेगळी, अशी जोडी मिळाली तर ती सोडू नये.

उदाहरण कोल्हापूरचंच घेते, आणि जरा सविस्तर घेते.

२६ जुलै १९०२ चा शाहू महाराजांचा आदेश तुला माहीत आहे. राखीव जागांचा आदेश म्हणून शाळेपासून वाचला असशील. पण बहुतेकांनी त्याच्याविषयीचं एक वाक्य वाचलेलं असतं, आदेश वाचलेला नसतो. तो जेमतेम पानभराचा आहे. त्यात आधी म्हटलं आहे की संस्थानात सर्व वर्गांच्या शिक्षणासाठी प्रयत्न झाले, पण मागासलेल्या वर्गांच्या बाबतीत हवं तसं यश आलं नाही. मग त्याचं कारण दिलं आहे: उच्च शिक्षण घेतल्यावर जो लाभ मिळतो, तो पुरेशा लोकांपर्यंत पोचत नाही. म्हणून यापुढे रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के जागा मागास वर्गांतून भराव्यात. ज्या कचेऱ्यांत या वर्गांचं प्रमाण आज ५० टक्क्यांहून कमी आहे, तिथे पुढची नेमणूक याच वर्गांतल्या व्यक्तीची व्हावी. सर्व खातेप्रमुखांनी झालेल्या नेमणुकांचा तक्ता दर तीन महिन्यांनी पाठवावा. आणि मागास म्हणजे कोण? ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले वर्ग सोडून बाकी सगळे.

हा कागद मी वर्गात वाचायला देते. काही समजावून सांगत नाही. ज्याला जे महत्त्वाचं वाटेल त्याखाली पेन्सिलीने रेघ मारायची, एवढंच. मग शेजारी बसलेल्या दुसऱ्या विषयाच्या मुलाचा कागद घेऊन बघायचा.

इतिहासाची मुलं तारखेखाली रेघ मारतात. आदेश निघाला तेव्हा महाराज सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी इंग्लंडला गेलेले होते, हे त्यातल्या एखाद्याला माहीत असतं. मग लगेच प्रश्न येतात: मागे कारभार कोण बघत होतं, आदेश कुठे छापला गेला, वेदोक्त प्रकरण (राजघराण्याचे विधी वेदमंत्रांनी करायला पुरोहितांनी नकार दिला, तो वाद) तेव्हा कुठवर आलं होतं, खातेप्रमुखांनी पाठवलेले तक्ते आज बघायला मिळतील का. हा शेवटचा प्रश्न विचारणारा मुलगा किंवा मुलगी भेटली की मी त्यांना मोडी लिपी शिकायला सांगते, कारण कोल्हापूरच्या पुरालेखागारातली कितीतरी दप्तरं मोडीत आहेत आणि ती वाचणारे हात कमी आहेत.

राज्यशास्त्राची मुलं व्याख्येपाशी थांबतात. मागास कोण याची यादी आदेशात नाहीच. पुढारलेले कोण ते सांगून उरलेले सगळे मागास धरले आहेत. आपल्या संविधानाची वाट वेगळी आहे. १९५१ मध्ये मद्रास राज्याचा जातवार जागावाटपाचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवला, त्यानंतर त्याच वर्षी पहिली घटनादुरुस्ती होऊन कलम १५(४) आलं, आणि मागास वर्ग कोणते हे ठरवण्यासाठी पुढे आयोग, निकष, याद्या असा सगळा पसारा उभा राहिला. समाजशास्त्राचा विद्यार्थी त्याच ओळीखाली रेघ मारतो, पण त्याला निराळंच दिसतं: 'बाकी सगळे' या एका पिशवीत गावचा पाटील आणि गावकुसाबाहेरचा माणूस दोघेही आहेत. त्यांतल्या कोणाला शाळेचा दरवाजा आधी उघडला?

आता अर्थशास्त्र. आमच्या मुलांनी पहिल्यांदा रेघ मारावी ती कारणाच्या वाक्याखाली. शाळा आहे, तरी मुलं येत नाहीत. का? कारण शिकून हाती काय येणार ते दिसत नाही. घरच्यांनी पोराला आठ-दहा वर्षं शिकवायचं आणि शेवटी कचेरीचा दरवाजा बंदच, तर कोण शिकवेल? म्हणजे हा आदेश नोकऱ्यांबद्दल असला तरी त्याचा रोख शिक्षणावर आहे. टोकाला मोबदला ठेवला की माणसं वाट चालायला लागतात, हा त्यामागचा विचार आहे. गेली कित्येक वर्षं मी प्रोत्साहन हा घटक शिकवताना पाठ्यपुस्तकातली उदाहरणं बाजूला ठेवून हेच घेते.

दुसरी रेघ 'रिकाम्या होणाऱ्या जागा' या शब्दांखाली. एकूण जागांच्या ५० टक्के आणि रिकाम्या होणाऱ्या जागांच्या ५० टक्के यांत फार मोठा फरक आहे, आणि तो आकडेमोड केल्याशिवाय कळत नाही. महाराज १८९४ मध्ये गादीवर आले तेव्हा संस्थानातल्या ७१ अधिकारपदांपैकी ६० वर ब्राह्मण होते, हा आकडा तू वाचला असशील. तो आपण सुरुवात म्हणून घेऊ. उरले ११. आता समजा (हे केवळ गणितासाठी) वर्षाला ४ जागा रिकाम्या होतात, आणि निवृत्त होणाऱ्यांत दोन्ही वर्ग आपापल्या प्रमाणात असतात. नुसतं पहिलं कलम लावलं, म्हणजे चारांतल्या दोन जागा मागास वर्गांना, तर नऊ वर्षांनी त्यांची संख्या ११ वरून २१ च्या आसपास जाते. निम्म्यावर ती कधीच पोचत नाही, नुसती जवळ जवळ सरकत राहते. दुसरं कलम लावलं, म्हणजे निम्म्यावर येईपर्यंत प्रत्येक रिकामी जागा त्यांनाच, तर त्याच नऊ वर्षांत संख्या ३५ च्या वर, म्हणजे जवळपास निम्म्यावर येते. फळ्यावर ही दोन कोष्टकं शेजारी मांडली की वर्ग शांत होतो. ज्याने कोणी हा आदेश लिहिला, त्याला नुसतं पहिलं कलम पुरणार नाही हे उमगलं होतं. आणि तिमाही तक्ता कशासाठी मागवला, तेही आता आपोआप समजतं.

इथे अर्थशास्त्राच्या मुलांना आपण जिंकलो असं वाटतं, आणि नेमकं तेव्हाच इतिहासाच्या बाकावरून हात वर होतो. 'मॅडम, उरलेले ११ सगळे मागासच कशावरून? प्रभू, शेणवी, पारशी त्यात नसतील का? आणि आकडा १८९४ चा आहे, आदेश १९०२ चा. मधल्या आठ वर्षांत महाराजांनी नेमणुका केल्याच असतील की.' अगदी रास्त हरकत. सुरुवातीचा आकडाच सैल असेल तर माझं कोष्टक कितीही नेटकं असलं तरी त्यातून निघालेली वर्षं पक्की म्हणता येणार नाहीत. कलमांची दिशा बरोबर कळते, मुदत कळत नाही. गणिताने कागदातली चाल उलगडली आणि कागदाच्या अभ्यासाने गणिताला त्याची मर्यादा दाखवली. इतिहास आणि अर्थशास्त्र एकत्र घे म्हणते, ते यासाठी.

याच ५० टक्क्यांत एक खड्डाही आहे. १९९२ च्या इंद्रा साहनी निकालात सर्वोच्च न्यायालयाने आरक्षणाला सर्वसाधारणपणे ५० टक्क्यांची मर्यादा घातली. दरवर्षी काही उत्तरपत्रिकांत मला वाचायला मिळतं की 'शाहू महाराजांनी घातलेली ५० टक्क्यांची मर्यादा पुढे न्यायालयाने कायम केली.' आकडा एक असला तरी काम उलटं आहे. १९०२ मध्ये ५० टक्के म्हणजे किमान इतकं झालंच पाहिजे. १९९२ मध्ये ५० टक्के म्हणजे कमाल, याच्या वर सहसा जाऊ नये. दोन पेपरांचा अभ्यास एकाच वहीत कालवला की अशी गल्लत होते. मैत्रिणींना हे जरूर सांग. मजकूर सारखा असला की अभ्यास निम्मा होतो खरा, पण उत्तरही निम्मंच होतं.

हाच धागा पुढे ओढला तर १९१७ येतं. संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत झालं, आणि मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपयापर्यंत दंड ठेवला. इतिहासाच्या वहीत हा दंड महाराजांची तळमळ दाखवायला येतो, आणि ते बरोबरच आहे. पण शाळा फुकट असताना दंड लागावाच का, हा प्रश्न अर्थशास्त्राने विचारायचा. फी माफ झाली तरी गुरं राखणारा, मळ्यात राबणारा पोरगा शाळेत गेला की घरची तेवढी कमाई बुडते. गरिबाच्या घरी शाळेची खरी किंमत ती आहे, फी नव्हे. म्हणजे १९०२ मध्ये शिक्षणाच्या टोकाला मोबदला ठेवला आणि १९१७ मध्ये सुरुवातीलाच घरच्या हिशेबात हात घातला. हे दोन निर्णय इतिहासाच्या पुस्तकात सहसा वेगवेगळ्या मथळ्यांखाली येतात, एक आरक्षणाखाली, दुसरा शिक्षणाखाली. अर्थशास्त्र शिकलेल्या विद्यार्थ्याला ते एकाच प्रश्नावरचे दोन इलाज म्हणून दिसू शकतात. राज्यशास्त्रवाल्याने त्यात भर घालावी की काही काळ कोल्हापुरातच शिकलेल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं होतं, ते पुढच्या वर्षी नामंजूर झालं. ब्रिटिश हिंदुस्थानात जे अडलं ते एका संस्थानात पाच वर्षांनी कसं झालं? आणि स्वतंत्र भारतात हा मूलभूत हक्क व्हायला २००२ ची घटनादुरुस्ती आणि २००९ चा कायदा का यावा लागला? या प्रश्नांवर एक आख्खं सेमिस्टर जाऊ शकेल.

मग राज्यशास्त्र वाईट का? मुळीच नाही. पण इतिहास आणि राज्यशास्त्र दोन्हीकडे मुख्यतः कागदपत्रं, भाषणं, कायदे वाचून युक्तिवाद करायचा असतो. रीत जवळची आहे. तुला पुढे एलएल.बी. करायचं असतं तर मी ती जोडी बिनधास्त घे म्हटलं असतं, कारण वकिलाला तीच रीत दुप्पट घोटलेली हवी असते. तुझ्या प्रश्नात तसं काही नाही. भावाचा सल्लाही, पार वेगळं घे हा, मला पटत नाही. एकमेकांना कुठेच न शिवणारे विषय घेतले की प्रत्येक विषय आपापल्या कप्प्यात पडून राहतो. वेगळेपणाचा फायदा तेव्हा मिळतो, जेव्हा दोन विषय एकाच वस्तूवर येऊन भिडतात.

खरी, निव्वळ पुनरावृत्तीही आहे, ती लपवून उपयोग नाही. समाजसुधारकांची चरित्रं इतिहासात येतात, भारतीय राजकीय विचारात येतात, समाजशास्त्रात येतात, मराठीच्या पेपरात येतात, वर मूल्यशिक्षणातही. जन्म, शिक्षण, कार्य, मृत्यू हा साचा पाचव्यांदा लिहिताना मुलं कंटाळतात, त्यांचा दोष नाही. अभ्यास मंडळं विषयवार बसतात. शेजारचं मंडळ काय शिकवतंय हे बघायची सोय कोणी ठेवलेली नसते, हे त्याचं कारण. तू एवढंच कर: चरित्र एकदाच, इतिहासाच्या वहीत नीट लिही. बाकीच्या पेपरांत चरित्राला दोन ओळी पुरे, आणि त्या विषयाचा जो प्रश्न असेल त्याच्यावर ये. तपासणाऱ्याला ते पहिल्या परिच्छेदातच कळतं.

संख्याशास्त्राचंही तसंच. सरासरी, मध्यक, प्रमाण विचलन, सहसंबंध हे अर्थशास्त्रात आहे, भूगोलाच्या प्रात्यक्षिकात आहे, मानसशास्त्रात आहे, समाजशास्त्राच्या संशोधनपद्धतीतही आहे. सूत्रं तीच. ती एकदा हाताने सोडवून पक्की केलीस की पुढे प्रत्येक विषयात नव्याने बघायचं ते फक्त एवढंच की हे सूत्र इथे काय दाखवतं आणि काय झाकतं. पंचगंगेचं घे. राजाराम बंधाऱ्यापाशी ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. पावसाळ्याच्या चार महिन्यांची सरासरी काढलीस तर शहर बुडवणारे ते मोजके दिवस तिच्यात विरघळून जातात. तिथे कमाल पातळीच बघावी लागते. भूगोल विचारतो, कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या खोऱ्यांत पाऊस कुठे किती झाला आणि धरणांतून कधी सोडलं. अर्थशास्त्र विचारतं, ४३ चे ४४ फूट झाल्यावर जेवढं नुकसान होतं तेवढंच ५४ चे ५५ झाल्यावर होतं का. होत नाही, कारण वरच्या प्रत्येक फुटाला पाणी नव्या वस्तीत, नव्या दुकानात शिरतं. मानसशास्त्र विचारतं, '२००५ ला पाणी इथपर्यंतच आलं होतं' म्हणून लोक घर का सोडत नव्हते. एकच आकड्यांचा तक्ता, आणि त्यावर तीन पेपरांचे प्रकल्प होतात. तिन्ही प्रकल्प वेगळे असले पाहिजेत, ही अट मात्र प्रामाणिकपणे पाळ.

आता ओपन इलेक्टिव्ह. महाराष्ट्र शासनाच्या २०२३ च्या निर्णयानुसार हा विषय मेजरच्या विद्याशाखेबाहेरचाच घ्यावा लागतो, आणि संलग्न महाविद्यालयांत ही रचना २०२४-२५ पासून आली. मुलं याला 'क्रेडिट भरायचा विषय' म्हणतात आणि ज्याचा पेपर सोपा तो घेतात. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण कलाशाखेच्या मुलाला विज्ञानाच्या शिक्षकासमोर बसायची ही बहुधा शेवटची संधी असते.

सक्ती कशाला, असं विचारलंस ना? अंबाबाईच्या मंदिरातला किरणोत्सव आठव. मूर्ती पश्चिमाभिमुख आहे. ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी, मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात. पहिल्या दिवशी चरणांपर्यंत, दुसऱ्या दिवशी मूर्तीच्या मध्यापर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत. आपण सगळ्यांनी हे लहानपणापासून ऐकलं आहे. पण वर्षातून दोनदाच का, आणि याच तारखांना का? कॅलेंडर घेऊन मोज. १० नोव्हेंबरपासून २१-२२ डिसेंबरपर्यंत आणि तिथून १ फेब्रुवारीपर्यंत, दोन्ही बाजूंना साधारण एक्केचाळीस-बेचाळीस दिवस. दक्षिणायनाच्या शेवटच्या बिंदूकडे जाताना सूर्य ज्या जागी मावळतो, परतताना तेवढ्याच दिवसांनी पुन्हा त्याच जागी मावळतो. त्या दिवसांत सूर्य विषुववृत्ताच्या दक्षिणेस सुमारे १७ अंशांवर असतो, आणि कोल्हापूरच्या अक्षांशावरून तो नेमक्या पश्चिमेच्या डावीकडे, दक्षिणेच्या बाजूला, सुमारे १८ अंशांवर मावळतो. दहावीची त्रिकोणमिती येत असेल तर हे कागदावर काढता येतं.

हे कळल्यावर इतिहासाचा प्रश्न संपत नाही, तिथून तो सुरू होतो. मंदिराची बांधणी टप्प्याटप्प्याने झाली, गरुड मंडप तर खूप नंतरचा. मग ही दिशा मूळ बांधणाऱ्यांनी ठरवून धरली होती का, आणि नंतर भर घालणाऱ्यांनी ती सांभाळली का? किरणांच्या वाटेवर उभ्या राहणाऱ्या इमारतींचं काय करायचं, हा नगररचनेचा आणि पालिकेच्या कायद्याचा प्रश्न. हवेतली धूळ आणि बाष्प यांनी किरणं मंदावतात, तो भौतिकशास्त्राचा. आणि हजारो माणसं त्या काही मिनिटांसाठी का जमतात, याचं उत्तर यांतल्या कोणत्याच विषयाकडे पुरतं नाही; त्यासाठी समाजशास्त्र आणि साहित्य दोन्ही वाचावं लागेल. खगोलशास्त्राची तोंडओळख करून देणारा एखादा विषय तुझ्या कॉलेजच्या बास्केटमध्ये, म्हणजे निवडीच्या विषयांच्या यादीत, असेल तर तो घे. नसेल तर संख्याशास्त्र किंवा पर्यावरणाचा. कॉमर्स शाखेतला हिशेबाचा पेपरसुद्धा चालेल. जमाखर्च वाचता येणारा इतिहासकार संस्थानी दप्तरातून इतरांना न दिसणारं बरंच काही काढू शकतो.

भाषांबद्दल थोडक्यात. मराठी, हिंदी, इंग्रजीच्या पेपरांना मुलं बाजूचं समजतात. राजाराम कॉलेजात कित्येक वर्षं अर्धमागधी शिकवणाऱ्या डॉ. आ. ने. उपाध्ये यांचं काम बघितलं तर हा समज टिकत नाही. जुन्या प्राकृत ग्रंथाची वेगवेगळी हस्तलिखितं जुळवून शुद्ध पाठ ठरवायचा, तर व्याकरण पाहिजे, जैन तत्त्वज्ञान पाहिजे आणि हस्तलिखित कुठल्या काळातलं, कुठल्या प्रदेशातलं, हेही पाहिजे. ते काम कोणत्या विभागाचं म्हणायचं? तुझ्या पातळीवर याचा अर्थ इतकाच की मराठीच्या तासाला एखादी बखर किंवा पत्र वाचायला आलं तर इतिहासाची वही सोबत ठेव.

एमपीएससीचं. राज्यसेवेची मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झाली आहे. भाषा आणि निबंधाचे पेपर सोडले तर सामान्य अध्ययनाचे चार पेपर आणि एका वैकल्पिक विषयाचे दोन. सामान्य अध्ययनात इतिहास, भूगोल, राज्यव्यवस्था, अर्थव्यवस्था सगळंच आहे, त्यामुळे कोणती जोडी घेतलीस तरी काहीतरी बाहेर राहणारच, ते स्वतः वाचावं लागेल. राज्यव्यवस्था एकटीने वाचून जमते, असा मुलांचा अनुभव मी बघत आले; संविधानाची चांगली पुस्तकं मराठीत आहेत. अर्थशास्त्र एकटीने वाचायला जड जातं, कोणीतरी फळ्यावर आलेख काढून दाखवावा लागतो. शिक्षक मिळतोय तोवर जे अवघड ते शिकून घ्यावं. पण केवळ परीक्षेसाठी मेजर बदलू नकोस. इतिहास आवडतो म्हणून घेतेस, तो वैकल्पिक विषय म्हणूनही उभा राहतो.

प्रवेशाआधी एक फेरी कॉलेजात मार. नुसत्या माहितीपत्रकावर जाऊ नकोस. इतिहास मेजरला अर्थशास्त्र मायनर टाइमटेबलात खरोखर बसतं का, दोन्हीचे तास एकाच वेळी तर येत नाहीत ना, ते विचार. अर्थशास्त्राला पूर्णवेळ शिक्षक आहे की सगळं तासिका तत्त्वावर चाललंय, तेही विचार. तासिका तत्त्वावरचे कितीतरी शिक्षक उत्तम शिकवतात, पण त्यांची नेमणूक उशिरा झाली की पहिल्या सेमिस्टरचे निम्मे तास बुडतात आणि ते तुझं नुकसान. मागच्या दोन वर्षांचे पेपर लायब्ररीत मिळतात, दोन्ही विषयांचे शेजारी ठेवून वाच. एकच प्रश्न दोन्हीकडे शब्दही न बदलता आलेला दिसला तर त्या कॉलेजात तो घटक कसा शिकवतात, हे वरच्या वर्गातल्या मुलींना विचार.

गणिताची भीती तू लिहिली नाहीस, पण बहुतेक मुली तिच्यामुळेच राज्यशास्त्राकडे वळतात, म्हणून सांगते. पहिल्या वर्षाच्या अर्थशास्त्राला टक्केवारी, सरासरी, साधं समीकरण आणि आलेख एवढंच लागतं. वर मांडलेलं ७१ जागांचं कोष्टक वहीत स्वतः करून बघ: दरवर्षी आलेल्या जागा मिळवायच्या, निवृत्त झालेल्या वजा करायच्या, नऊ ओळी. ते जमलं तर मायनरचं गणित तुला जमेल. कॉलेजात अर्थशास्त्र मायनर बसतच नसेल तर राज्यशास्त्र घे, आणि ओपन इलेक्टिव्हला संख्याशास्त्र माग.